जुना झिऑन की नवा आय-फाइव्ह?

प्रश्न : आमचा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा छोटा स्टुडिओ आहे. एडिटिंगसाठी कॉम्प्युटर असेंबल करायचाय. दुकानदाराने ‘झिऑन कॉम्बो’ सुचवलाय : सेकंड हँड इंटेल झिऑन ई५-२६८० व्ही४ (सर्व्हरसाठी बनलेला जुना प्रोसेसर), त्याचा एक्स९९ मदरबोर्ड आणि ६४ जीबी रॅम. त्याचं म्हणणं, ‘यात १४ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आहेत, आय-फाइव्ह १२४००मध्ये सहाच, आणि पैसेही कमी लागतील.’ घ्यावा का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमच्या कामाला नको. दुकानदार खोटं बोलत नाहीये, पण कोअर मोजून थांबलाय.

हा झिऑन मार्च २०१६मध्ये बाजारात आला. १४ कोअर, २८ थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामं), ३५ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी), १२० वॅट. १२४०० आला जानेवारी २०२२मध्ये. ६ कोअर, १२ थ्रेड, १८ एमबी कॅश, ६५ वॅट. जोरात असताना ११७ वॅटपर्यंत जातो. आता वेग बघा. झिऑनवर ‘३.३ गिगाहर्ट्झ’ लिहिलेलं असतं, पण तो वेग एक-दोन कोअर चालू असतानाचा. सगळे १४ कामाला लागले की तो २.९वर येतो. १२४०० एका कोअरवर ४.४ आणि सहाही कोअरवर ४.०ने पळतो.

१४ गुणिले २.९ म्हणजे ४०.६. सहा चोक चोवीस. कागदावर झिऑनने मैदान मारलं. पण सहा वर्षांत कोअरची रचनाही बदलली. एका ठोक्यात (गिगाहर्ट्झमध्ये मोजतात ते हेच ठोके) नवा कोअर जुन्याच्या साधारण दीडपट काम उरकतो. २४चे दीडपट ३६. म्हणजे सगळे कोअर राबवणाऱ्या कामात, उदाहरणार्थ ब्लेंडरचं सीपीयू रेंडरिंग, दोघे जवळपास बरोबरीत. आणि जिथे एकच कोअर खपतो तिथे? ४.४ भागिले ३.३, वर दीडपट : नवा थेट दुप्पट. फोटोशॉपची बरीचशी फिल्टर, टॅली, एक्सेलची मोठी शीट, ऑटोकॅड ही सगळी या दुसऱ्या गटातली. गणित ढोबळ आहे, पण निर्णय घ्यायला पुरतं.

तुमच्या बाबतीत खरी मेख वेगळीच आहे. हल्लीचे मिररलेस कॅमेरे १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी फाइल (रंगांचा जास्त तपशील असलेला, दाबून साठवलेला व्हिडिओ) देतात. ती फाइल उलगडणं हे प्रोसेसरवर पडलं तर टाइमलाइन अडखळते, मग कोअर १४ असोत की २८. १२४००च्या आतल्या यूएचडी ७३० ग्राफिक्समध्ये ‘क्विक सिंक’ आहे. ते ही फाइल हार्डवेअरमध्ये उलगडतं आणि प्रीमिअर प्रो त्याचा वापर करतो. झिऑनला अंगचं ग्राफिक्सच नाही. वेगळं एनव्हिडिया कार्ड लावलंत तरी ५०-मालिकेच्या आधीची कार्डं ४:२:२ हार्डवेअरमध्ये उलगडत नाहीत. म्हणून १२४००च घ्या. १२४००एफ थोडा स्वस्त मिळतो, पण त्यातलं ग्राफिक्स बंद असतं. बिलावर ‘एफ’ आहे का ते पैसे देण्याआधी बघा. वेगळं कार्ड लावणार असाल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) आतलं ग्राफिक्स चालू ठेवा. बरेच बोर्ड कार्ड दिसलं की ते आपोआप बंद करतात आणि मग क्विक सिंक गायब होतं.

आता लाइट बिल. नुसता चालू असताना एक्स९९चा डबा १२४००च्या डब्यापेक्षा सहज ४० वॅट जास्त ओढतो. दिवसाला १० तास धरले तर महिन्याला १२ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर १२० रुपये, तीन वर्षांत ४,३२०. ही झाली नुसत्या बसून राहण्याची किंमत. रेंडर चालू असताना फरक वाढतो. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसवर, जो जेमतेम ३६० वॅट देतो, झिऑन आणि ग्राफिक कार्ड दोन्ही जोरात असताना वीज गेली तर फाइल सेव्ह करण्याइतका तरी वेळ मिळेल का, हेही पाहा.

प्रश्न : १२४००च्या डीडीआर४ बोर्डासाठी स्वस्तात ३२ जीबीची सर्व्हरची रॅम घेतली. खाचेत नीट बसते, पण स्क्रीन येत नाही. बोर्डावर रॅमचा लाल दिवा पेटतो. रॅम गेली का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बहुतेक रॅम चांगली आहे, बोर्ड चुकीचा आहे. पट्टीवरचं लेबल वाचा. ‘पीसी४-२४००टी’च्या पुढे ‘आर’ असेल तर ती रजिस्टर्ड रॅम. ‘एल’ असेल तर लोड-रिड्यूस्ड. साध्या डेस्कटॉपला पुढे ‘यू’ लागतो. लेबल फाटलं असेल तर पट्टीच्या मधोमध बघा. मेमरी चिप्सपेक्षा वेगळी, एकटीच बसलेली चिप दिसेल. तिचं नाव रजिस्टर. प्रोसेसरकडून येणारे आदेश आधी ती घेते आणि मग पुढे देते. १२४००चा मेमरी कंट्रोलर ही भाषा बोलत नाही. डीडीआर४मध्ये खाचेची जागा दोन्हींची सारखीच, म्हणून घोटाळा होतो. पट्टी परत करा. आर आणि यू एकाच बोर्डात मिसळून चालवायचा प्रयत्नही करू नका. झिऑनच्या बोर्डातही ते चालत नाही.

प्रश्न : झिऑनचा कॉम्बो घेऊन झालाय (ई५-२६८० व्ही४, १६ जीबीच्या चार पट्ट्या). विंडोज ४८ जीबीच दाखवतं. शिवाय रेंडर सुरू केल्यावर दहाएक मिनिटांनी वेग निम्म्यावर येतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन वेगळे आजार आहेत.

४८ म्हणजे एक पट्टी दिसत नाही. कोणती, ते आधी शोधा. एक चांगली पट्टी घेऊन ती आळीपाळीने प्रत्येक खाचेत लावून मशीन सुरू करा. सगळ्या खाचा चालल्या तर दोष एखाद्या पट्टीत. एकच खाच मुकी राहिली तर दोष बहुधा सॉकेटकडे. एलजीए २०११-३ सॉकेटला २०११ पिना असतात आणि त्यातल्या कितीतरी थेट रॅमकडे जातात. कूलरचे चार स्क्रू एका बाजूला जास्त आवळले की प्रोसेसर किंचित कलतो आणि एक चॅनल (प्रोसेसर आणि रॅममधला रस्ता) सुटतो. कूलर काढा, प्रोसेसर उचला, टॉर्च तिरकी धरून पिनांच्या रांगा बघा. वाकलेली पिन प्रकाशात वेगळी चमकते. सगळं सरळ असेल तर प्रोसेसरखालचे सोनेरी ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पेस्ट नव्याने लावा आणि स्क्रू कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात असे दोन-दोन फेरे देत आवळा.

शेवटी सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मेमरी पानावर चार चॅनल दिसायला हवेत. हे महत्त्वाचं का? चार चॅनल डीडीआर४-२४०० म्हणजे सेकंदाला ७६.८ जीबी. दोनच पट्ट्या लावल्या तर ३८.४, म्हणजे १२४००च्या दोन चॅनल डीडीआर४-३२००च्या ५१.२पेक्षाही कमी. झिऑन घेऊन त्याला दोन पट्ट्यांवर चालवणं हा शुद्ध वेडेपणा.

वेग पडण्याचं कारण बहुतेक प्रोसेसर नाही, त्याला वीज पुरवणारा भाग आहे. सॉकेटशेजारची ती छोटी चौकोनी कॉइल आणि मॉस्फेटची रांग. स्वस्त बोर्डांवर तिच्यावरचं हीटसिंक नावापुरतं असतं आणि उभ्या कूलरची हवा तिथे पोहोचत नाही. सर्व्हरमध्ये समोरून मागे सतत वारा असतो. तुमच्या कॅबिनेटमध्ये तो नाही. एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून रेंडर करा. प्रोसेसर ७० अंशांच्या आत आणि वेग मात्र २.९वरून १.२ ते १.५वर पडला, तर संशय पक्का. १२० मिमीचा पंखा त्या रांगेवर रोखून लावा. प्रोसेसरच ९०कडे जात असेल तर मात्र दोष पेस्टचा किंवा कूलरचा.

जाता जाता : ‘टर्बो अनलॉक’ची (सगळे कोअर वरच्या वेगाने पळवायची) युक्ती करून द्यायचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. ती फक्त व्ही३ पिढीवर चालते, तुमचा व्ही४ आहे.

प्रश्न : मग जुना झिऑन कुणी घ्यायचाच नाही का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : घ्यावा की. प्रॉक्समॉक्सवर (एका मशीनमध्ये अनेक मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) आठ-दहा व्हर्च्युअल मशीन चालवायची आहेत, १२८ जीबी रॅम हवी आहे, चूक पकडणारी ईसीसी हवी आहे, शिवाय हार्ड डिस्कचं कार्ड, १० गिगाबिट नेटवर्क आणि तीन-चार एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) लावायच्या आहेत : तिथे त्याच्या ४० पीसीआयई ३.० लेन (प्रोसेसरकडून कार्डांकडे जाणारे रस्ते) उपयोगी पडतात. १२४००च्या प्रोसेसरमधून २० निघतात. लेन नव्या आणि वेगवान, पण खाचा संपल्या की संपल्या.

अशा वेळी अनोळखी बनावटीच्या एक्स९९ बोर्डापेक्षा कंपन्यांच्या लीजवरून परत आलेलं वर्कस्टेशन बरं : एचपी झेड४४०, डेल प्रिसिजन ५८१०, लेनोव्हो पी५१०. यांत सी६१२ हा खरा सर्व्हरचा चिपसेट (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) असतो. स्वस्त ‘एक्स९९’ बोर्डांवर पुष्कळदा जुन्या बी८५ किंवा एच८१ बोर्डांतून काढलेली चिप असते. एचपी-डेलची पॉवर सप्लाय जळली तर मात्र बाजारातली साधी थेट बसत नाही, हे लक्षात ठेवा.

सुटा प्रोसेसर घेताना वरच्या धातूच्या झाकणावरचा कोड वाचा. २६८० व्ही४वर ‘एसआर२एन७’ हवा. ‘क्यू’ने सुरू होणारा कोड आणि ‘इंटेल कॉन्फिडेन्शिअल’ असं कोरलेलं दिसलं तर तो चाचणीचा नमुना आहे. दुकानदाराच्या हातात परत द्या.

विंडोज ११च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही, आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणून त्यावर लिनक्सच टाका. २४ तास चालू ठेवणार असाल तर वरचाच ४० वॅटचा हिशेब वर्षाला ३५० युनिटांवर जातो.