एक किलो हापूसचा रस किती कप निघतो? पाककृतीत माप कपात दिलंय.

साधारण दोन ते जवळपास अडीच कप धरा. साल-कोय गेली की किलोमागे ५०० ते ६०० ग्रॅम गर उरतो, आणि गर पाण्यापेक्षा किंचित जड असल्याने २४० मिलिलिटरच्या कपात अंदाजे २५० ग्रॅम बसतो. फोडींचं गणित वेगळं: मधल्या पोकळीमुळे तेवढ्याच कपात १६५ ग्रॅमच मावतात. बेळगावच्या बाजारात धारवाडचा हापूसही येतो, रत्नागिरीचाही. दोन्हींना हा हिशोब चालेल. रायवळला मात्र नाही, त्याची कोय मोठी, गर कमी. घरच्या वाटीने मोजणार असाल तर आधी तीत काठोकाठ पाणी भरून वजन करा. जितके ग्रॅम पाणी तितके मिलिलिटर वाटी. आंबावडीसाठी मात्र गर वजनानेच घ्या, साखरेचं प्रमाण चुकत नाही.