आधी डिस्चार्जचं टेबल, मग मास्टर्स

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. बीएचएमएस झालंय, पण क्लिनिक टाकायचं नाही. बाबा म्हणतात एमबीए, एक मैत्रीण म्हणते एमएचए, दुसरी एमपीएच. आणि तू प्लेसमेंटची पत्रकं पसरून रात्र रात्र जागतेस. एमपीएचमध्ये लोकसमूहाचं आरोग्य बघायला शिकवतात, एमएचएमध्ये रुग्णालय चालवायला. तुला रुग्णालयच हवंय, हे तुझ्या ओळीओळीत दिसतं. मग कोर्सचा घोळ संपला. वाशीहून हार्बरने गोवंडीला उतर नि टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा, म्हणजे टिसचा प्रयत्न कर, नाहीतर दुसरीकडे जा. पण आधी एक वर्ष डिस्चार्जच्या टेबलावर बस.

रिसेप्शनवर नाही, मार्केटिंगमध्येही नाही. डिस्चार्जच्या टेबलावर.

सकाळी राउंडला डॉक्टर म्हणतात, "आज घरी." पेशंट कपडे बदलून, पिशवी भरून खाटेवर बसतो. डिस्चार्ज समरी लिहायची ती निवासी डॉक्टर (आरएमओ) ऑपरेशन थिएटरात अडकलेली. उरलेली औषधं फार्मसीत परत गेल्याशिवाय बिल बंद होत नाही, बिल बंद झाल्याशिवाय विम्याचं काम बघणारा टीपीए डेस्क फाइल विमा कंपनीकडे पाठवत नाही. मग तिकडून क्वेरी येते, बीपी कधीपासून आहे? केसपेपरवर एकाने लिहिलंय "५ वर्षं", दुसऱ्याने "नवीन". तोवर चार वाजतात आणि हाफ डे टाकून कळव्याहून आलेला मुलगा काउंटरवर आवाज चढवतो.

२०२४ साली विमा नियामक इर्डाने विमा कंपन्यांना बांधून घातलं, की रुग्णालयाची विनंती आल्यापासून ३ तासांत डिस्चार्जची अंतिम मंजुरी द्यायची. चांगलं झालं. पण ते घड्याळ आपली फाइल गेल्यावर सुरू होतं. त्याआधीचे सगळे तास आपलेच असतात. ते कुठे गळतात हे वर्गात बाणांच्या आकृतीने शिकवतात. टेबलावर बसलीस, की प्रत्येक बाणाच्या टोकाला एक दमलेला माणूस दिसेल.

"हे तर क्लार्कचं काम" असं तू लिहिलंस, त्याचा मला राग आला. मी वॉर्ड क्लार्क म्हणूनच लागले होते. पुढे ऑपरेशन्सची जागा निघाली तेव्हा मास्टर्सची अट होती, म्हणून माझा अर्जसुद्धा कुणी उघडला नाही. जे साहेब आले ते हुशार होते. पण डिस्चार्जची वेळ त्यांनी नेमकी नर्सेसच्या पाळी बदलतानाच्या हँडओव्हरवर आणून ठेवली, आणि वॉर्डात रोज भांडणं सुरू झाली. पदवी नाही याची खंत मला आजही आहे, म्हणून तुला पदवी घेऊ नको असं मी कधीच म्हणणार नाही. घेच. मात्र माझ्यासारखे लोक ते रुग्णालय चालवत होते, हेही तितकंच खरं. हट्टी म्हणशील तर म्हण. टेबल आधी, वर्ग नंतर.

एक वर्ष वाया जाईल ही भीती सोड. प्रवेशाच्या मुलाखतीत "तुम्हाला काय बदलायचंय?" असं विचारलं, तर तुझ्याकडे एका खऱ्या वॉर्डाचं उत्तर असेल. शिवाय सलाइनची नळी लाल पिशवीत आणि रक्ताचा बोळा पिवळ्या पिशवीत, हे मावश्यांकडून शिकलीस की रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या फाइली तुला परक्या वाटणार नाहीत.

बायोडेटा पाठव. ऐरोलीत माझ्या ओळखीचं नर्सिंग होम आहे, तिथल्या डॉक्टरांशी बोलते. पगार बेताचा असेल, रविवारच्याही ड्यूट्या लागतील. बाबांना मी स्वतः फोन करते.

तुझी,
मावशी