वाचकांचे प्रश्न : बंद पडलेल्या पीसीतले आप्पांचे मेल परत मिळतील का?

प्रश्न : नमस्कार, मी इंदूरला रामबागेत राहते. माझे सासरे, घरात सगळे त्यांना आप्पाच म्हणायचे, रिटायर झाल्यावर आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताच्या मागे लागले होते. ग्वाल्हेर, बडोदा, देवास, पुणे, पार अमेरिकेपर्यंतच्या भाऊबंदांशी त्यांचा सारखा मेलवर पत्रव्यवहार चालायचा, साधारण २००३ ते २००९ या काळात. कोणाचं लग्न कोणत्या साली, कोणाचं मूळ गाव कुठलं, कोण दत्तक गेलं, सगळं मेलमध्ये. मग ते गेले आणि पीसी पोटमाळ्यावर गेला. आता चुलत दीर वृत्तांताची नवीन आवृत्ती काढतायत आणि सगळे मला विचारतायत की आप्पांची माहिती कुठंय. पीसी खाली काढून लावला तर पंखा क्षणभर फिरतो आणि थांबतो. एका दुकानात दाखवला तर म्हणाले मदरबोर्ड गेला, आता यातलं काही मिळायचं नाही. दुसरीकडे म्हणाले ठेवून जा, रिपेअर करून नवीन विंडोज टाकून देतो. आप्पांचा आयडी संचारनेटचा (बीएसएनएलच्या इंटरनेटचा) होता, पासवर्ड कोणालाच माहीत नाही. ते निळ्या बाणांचं पाकीट असलेल्या प्रोग्राममध्ये मेल बघायचे एवढं आठवतं. मुलगा म्हणतो डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडतो. जोडू द्यावी का? आणि जोडली तरी मेल दिसणार कुठे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : तुमचा मुलगा बरोबर सांगतोय, डिस्क काढून बाहेरून वाचणं हाच रस्ता आहे. फक्त जोडण्याआधी हे पूर्ण वाचा, त्यालाही वाचायला द्या, कारण मेल परत मिळायची शक्यता सगळ्यात जास्त असते ती डिस्क पहिल्यांदा जोडताना, आणि घाईत चुकीच्या बटणावर क्लिक होतं तेही तेव्हाच.

मदरबोर्ड गेला म्हणजे डेटा गेला हे साफ चूक आहे. कपाटाचं कुलूप बिघडलं म्हणून आतल्या साड्या जळत नाहीत. मेल हार्ड डिस्कवर असतात आणि डिस्क हा वेगळा पार्ट आहे. त्या काळातल्या पुष्कळ मदरबोर्डवरचे कपॅसिटर खराब निघाले होते, हे जगभर झालेलं आहे. कॅबिनेट उघडून प्रोसेसरच्या आजूबाजूला बघा, छोटे उभे डबे असतात तेच कपॅसिटर, त्यांचं वरचं झाकण सपाट असायला हवं, ते फुगलेलं असेल किंवा त्यातून तपकिरी काहीतरी ओघळून वाळलेलं असेल तर पीसी बंद पडायचं कारण तिथेच सापडलं, आणि त्याचा डिस्कशी काही संबंध नाही. पंखा क्षणभर फिरून थांबणं हे बहुतेक वेळा बोर्ड नाहीतर एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) गेल्याचं लक्षण असतं. म्हणजे डिस्क चांगली असण्याची खूप आशा आहे.

ज्यांनी नवीन विंडोज टाकून देतो म्हटलं त्यांच्याकडे मात्र डिस्क ठेवून येऊ नका. विंडोज टाकताना बहुतेक वेळा आधी फॉरमॅट मारतात आणि मग जुन्या डेटाच्या जागेवर नवीन फाइली बसतात. ज्या जागेवर एकदा दुसरं काही लिहिलं गेलं तिथलं जुनं कोणीच परत आणू शकत नाही.

पासवर्डचं टेन्शन सोडा, तो लागणारच नाही. आप्पा वापरत होते ते आउटलुक एक्सप्रेस, विंडोज एक्सपीबरोबर यायचं. त्या वेळी डायल-अपच्या अकाउंटला मेल पॉप पद्धतीनं यायचे, म्हणजे मेल सर्व्हरवरून घरच्या मशीनवर उतरायचे आणि उतरले की सर्व्हरवरून पुसले जायचे, सर्व्हरवर कॉपी ठेवा असं कोणी मुद्दाम सेट केलं नसेल तर. म्हणून आज कोणाला अर्ज करून किंवा पासवर्ड रीसेट करून काही हाती लागणार नाही, आणि म्हणूनच ही पोटमाळ्यावरची डिस्क इतकी मोलाची आहे. समोरच्या लोकांकडे दुसरी बाजू असू शकते तेवढी विचारून ठेवा. पुण्या-अमेरिकेतल्या ज्यांनी तेव्हा जीमेल घेतलं आणि अजून तेच वापरतात त्यांच्याकडे आप्पांचे मेल अजूनही असतील, आप्पांचा आयडी टाकून सर्च करायला सांगा. ज्यांनी तेव्हाचं जीमेल आता सोडलंय त्यांनाही हे आजच सांगा, कारण दोन वर्षं न उघडलेली अकाउंट्स गूगल काढून टाकू शकतं.

आता डिस्क. पीसीची वायर भिंतीतून काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा, मग स्क्रू काढा. २००३ च्या आसपासची डिस्क म्हणजे बहुतेक आयडीई असणार, तिला चाळीस पिनांची रुंद चपटी पट्टी लागते. नंतरच्या साटा डिस्कला बारीक वायर असते. सिल्व्हर मॉलमध्ये दोन्ही प्रकारच्या डिस्कना चालणारा यूएसबी कन्व्हर्टर मागा आणि त्याच्यासोबत बारा व्होल्टचा वेगळा अडॅप्टर आहे ना हे दुकानातच बघून घ्या. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या करंटवर फिरत नाही, आणि लोक मग डिस्क मेली समजून टाकून देतात! आयडीई डिस्कच्या मागे पिनांवर एक छोटी टोपी असते, जंपर, डिस्क दिसत नसेल तर ती मास्टरवर आहे का बघा, कुठली जागा मास्टरची ते डिस्कच्या लेबलवर छापलेलं असतं. डिस्क टेबलावर सपाट ठेवा आणि फिरत असताना अजिबात उचलू नका.

पॉवर दिल्यावर कान द्या. एकसारखी घूं आणि मधूनच हलकी खुरखुर म्हणजे ठीक. ठरावीक अंतरानं टक, टक, टक, मध्येच फिरणं थांबून पुन्हा चालू, असं असेल तर लगेच पॉवर काढा, अजून एकदा बघू म्हणून परत लावू नका. तो आवाज बहुतेक वेळा आतल्या हेडच्या (डिस्कच्या प्लेटवरचं वाचणाऱ्या भागाच्या) बिघाडाचा असतो आणि अशी डिस्क चालू ठेवली तर हेड प्लेटवर घासून लिहिलेलं खरवडून निघू शकतं. फ्रीजरमध्ये ठेवायची, हातानं ठोकायची, घरी उघडायची, यातलं काहीही करू नका. तशीच दुसरी डिस्क शोधून तिचा सर्किट बोर्ड बसवायचा उपाय कोणी सुचवेल, पण बऱ्याच डिस्कच्या बोर्डवर त्या एकाच डिस्कची माहिती असलेली चिप असते, ती हलवल्याशिवाय नुसता बोर्ड बदलून चालत नाही. टकटक करणारी डिस्क क्लीन रूम (धूळ नसलेली खास खोली) असलेल्या लॅबकडेच द्यावी आणि डेटा मिळाला नाही तर किती पैसे घेणार हे आधी लेखी घ्यावं.

आवाज ठीक असेल तरी सरळ विंडोजच्या लॅपटॉपला जोडायला मी सांगणार नाही. विंडोज डिस्क दिसली की तिच्यावर स्वतःहून थोडंफार लिहायला लागतं, कधी म्हणतं डिस्क स्कॅन करून दुरुस्त करू का, कधी म्हणतं वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. यातल्या कशालाच हो म्हणायचं नाही. चेकडिस्कसुद्धा चालवायचं नाही, ते दुरुस्तीच्या नावाखाली तुटक्या फाइलींचे तुकडे करून ठेवतं आणि आजारी डिस्कला उगीच पळवतं. त्यापेक्षा मुलाला पेन ड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारं फुकटचं लिनक्स) टाकायला सांगा, लॅपटॉप त्यावरून चालू करायचा, इन्स्टॉल न करता नुसता ट्राय करायचा, आणि डीडीरेस्क्यू नावाच्या फुकट प्रोग्रामनं अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब कॉपी, दुसऱ्या चांगल्या एक्स्टर्नल डिस्कवर घ्यायची. तेव्हाच्या डिस्क चाळीस-ऐंशी जीबीच्या असायच्या, आजच्या कुठल्याही एक्स्टर्नलवर आरामात मावतील. डीडीरेस्क्यू आधी चांगला भाग वाचून घेतो, अडणारा भाग शेवटी पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतो, आणि कुठपर्यंत आलो ते एका मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतो, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी तिथूनच पुढे चालू करता येतं. कमांड देताना त्या मॅप फाइलचं नाव द्यायला विसरू नका. आणि कुठून कुठे कॉपी करतोय ते एंटर दाबण्याआधी दोघांनी मिळून वाचा, उलटं झालं तर सगळं पुसलं जाईल. इमेज झाली की मूळ डिस्क बंद करून कपाटात, पुढचं सगळं काम कॉपीवर.

आता मेल कुठे ते. एक्सपीमध्ये डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज, त्यात आप्पांच्या नावाचा फोल्डर, त्यात लोकल सेटिंग्ज (हा लपवलेला असतो, हिडन फाइल्स दाखवा चालू करा), मग ॲप्लिकेशन डेटा, मग आयडेंटिटीज, त्यात महिरपी कंसातला लांबलचक नंबर, मग मायक्रोसॉफ्ट, आणि शेवटी आउटलुक एक्सप्रेस. तिथे इनबॉक्स, सेंट आयटेम्स वगैरे नावांच्या डीबीएक्स फाइली दिसतील, आप्पांनी वेगळे फोल्डर केले असतील तर त्यांच्याही. आयडेंटिटीजमध्ये एकापेक्षा जास्त नंबर असले तर सगळे बघा. घरातल्या दुसऱ्या कोणी वेगळ्या लॉगिननं पीसी वापरला असेल तर त्यांच्या नावाखालीही बघा. निवडून दोन फाइली घेऊ नका, अख्खा फोल्डर घ्या. पत्त्यांची वही वेगळ्या जागी असते, लोकल सेटिंग्जमध्ये न जाता थेट ॲप्लिकेशन डेटा, मायक्रोसॉफ्ट, ॲड्रेस बुक, तिथली डब्ल्यूएबी फाइल, कुठल्या भावकीचा कुठला आयडी ते कळायला ती लागणारच.

डीबीएक्स फाइल आजच्या विंडोजमध्ये डबल क्लिकनं उघडत नाही, म्हणून घाबरू नका. अनडीबीएक्स नावाचा फुकट, ओपन सोर्स प्रोग्राम आहे, तो एका डीबीएक्समधून प्रत्येक मेलची वेगळी ईएमएल फाइल काढून देतो, त्या थंडरबर्ड या फुकटच्या मेल प्रोग्राममध्ये घेतल्या की तारखेनुसार, नावानुसार लावता येतात. अटॅचमेंट मेलच्या आतच असतात त्यामुळे त्याही येतात, आउटलुक एक्सप्रेसनं त्या वेळी धोकादायक म्हणून अडवलेल्यासुद्धा, फक्त त्या उघडण्याआधी अँटिव्हायरस फिरवा. इनबॉक्स रिकामा निघाला तर दोन गोष्टी बघायच्या. आउटलुक एक्सप्रेसमध्ये मेल डिलीट केला तरी फोल्डर कॉम्पॅक्ट होईपर्यंत (म्हणजे आतली रिकामी जागा काढून फाइल लहान होईपर्यंत) तो फाइलमध्ये पडूनच असतो, अनडीबीएक्सचा रिकव्हरी मोड असे मेल काढू शकतो. आणि एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ या अपडेटनंतर हा प्रोग्राम शंभर वेळा बंद केल्यावर कॉम्पॅक्ट करू का विचारायचा आणि जुन्या फाइलची बॅक नावाची कॉपी रिसायकल बिनमध्ये टाकायचा. ते बिन आप्पांनी रिकामं केलं नसेल तर तिथे खजिना असू शकतो. मेल काढून देतो म्हणणाऱ्या अनोळखी वेबसाइटवर या फाइली अपलोड मात्र करू नका, तुमच्या अख्ख्या घराण्याच्या जन्मतारखा आणि पत्ते आहेत त्यात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण तुमच्या कामात ती येणारच, मराठी फॉन्ट. त्या वर्षांत बरेच जण शिवाजी, शुषा, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप करून वर्डची फाइल जोडायचे. आज ती उघडली की ओळीच्या ओळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांच्या दिसतात आणि वाटतं फाइल करप्ट झाली. तसं नसतं, फक्त फॉन्ट नसतो. म्हणून इमेजमधून विंडोजच्या आतला फॉन्ट्स फोल्डरही पूर्ण उचलून ठेवा, आप्पांना जे फॉन्ट लागायचे ते तिथेच असतील. ते बसवून आधी मजकूर नीट वाचा, पीडीएफ करून ठेवा, आणि मगच फॉन्ट बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये (आज सगळीकडे दिसणाऱ्या मराठीत) आणा. कन्व्हर्टर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं यात हमखास घोळ घालतात, आणि कुलवृत्तांतात एका नावातला रफार सरकला की चुकीचं नाव पुढच्या पिढ्यांसाठी छापून जातं. तेव्हा नावं, गावं आणि साली पीडीएफशेजारी ठेवून माणसानंच तपासा, हे काम मशीनवर सोडू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी बसायला तयार असेल तर फारच उत्तम.

प्रश्न : ग्वाल्हेरला माझं छोटं ऑफिस आहे. जुन्या लॅपटॉपवर आउटलुक २००० होतं. लॅपटॉप मेला, डिस्क काढून पीएसटी फाइल (आउटलुकचे मेल हिच्यातच असतात) कॉपी केली, साइज बरोबर दोन जीबी दिसते पण नवीन आउटलुक ती उघडतच नाही. इनबॉक्स रिपेअर टूल चालवलं, तेही एरर देतं.
— एक वाचक, लश्कर, ग्वाल्हेर

उत्तर : उत्तर तुमच्या साइजमध्येच आहे. आउटलुक २००२ पर्यंतच्या जुन्या पीएसटीला दोन जीबीची मर्यादा होती, २००३ पासून नवीन प्रकार आला. फाइल त्या मर्यादेला भिडली की ती उघडत नाही आणि रिपेअर टूलही हात टेकतं. रिपेअर चालवलेली फाइल बाजूला ठेवा आणि डिस्कवरून पीएसटीची ताजी कॉपी घ्या, लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला पॉवरचा वेगळा अडॅप्टर बहुतेक लागत नाही. आधी लिनक्सवर रीडपीएसटी नावाचा प्रोग्राम चालवून बघा, तो फाइलमध्ये काही लिहीत नाही, नुसतं वाचून मेल बाहेर काढतो, त्यामुळे यात नुकसान काहीच नाही. नाही जमलं तर मायक्रोसॉफ्टनं खास याच अडचणीसाठी एक टूल काढलं होतं, ते फाइलच्या शेवटून थोडा भाग कापून तिला मर्यादेखाली आणतं. त्या कापलेल्या भागातले मेल जातात, म्हणून सुरुवात अगदी थोड्यापासून करा आणि नाही उघडली तरच वाढवा, दर वेळी नवीन कॉपीवर. कापल्यावर रिपेअर टूल चालवा, फाइल उघडली की त्याच फाइलमध्ये काम करत बसू नका, नवीन पीएसटी बनवून सगळे फोल्डर तिच्यात हलवा. अकाउंट्सचं काम असेल तर जुन्या नोटिसा आणि रिटर्नच्या पोचपावत्यांचे मेल आधी उघडून बघा, अटॅचमेंटसकट.