दोन दिवस उभी राहिली की व्हॅन रुसते

प्रश्न : मी प्लंबिंगची कामं घेतो. डिझेल व्हॅन आहे. मागे हत्यारांचे खण, ड्रिलच्या बॅटऱ्या चार्ज करायला इन्व्हर्टर आणि सामानाच्या जागेत एलईडी पट्टी, हे सगळं नंतर बसवून घेतलं. रोज चालवली तर तक्रार नाही. दोन दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता टक-टक करतो. तीन महिन्यांपूर्वी ७० अँपिअर-अवरची नवी बॅटरी टाकली, तरी तेच. अल्टरनेटरचं चार्जिंग ठीक आहे म्हणतात. आता याहून मोठी बॅटरी टाकू का?

उत्तर : नका टाकू. सगळे नळ बंद असताना गिऱ्हाइकाचा पाण्याचा मीटर फिरत असेल, तर तुम्ही त्याला मोठी टाकी घ्यायला सांगता का? एकेक व्हॉल्व्ह बंद करत जाता आणि मीटर कुठे थांबतो ते बघता. इथेही तेच करायचं आहे, फक्त व्हॉल्व्हच्या जागी फ्यूज.

आधी थोडा हिशोब. बंद उभी असलेली धडधाकट गाडीसुद्धा घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक यांच्यासाठी साधारण २० ते ५० मिलिअँपिअर घेतच असते. ५० धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर, तुमच्या बॅटरीला त्याचं काहीच नाही. पण ०.६ अँपिअर जात असेल तर ४८ तासांत जवळपास २९ अँपिअर-अवर गेले. त्यात तुमच्या फेऱ्या बहुधा जवळच्या, म्हणजे बॅटरी मुळात पूर्ण भरलेलीच नसणार. तेव्हा आपण अर्ध्या अँपिअरच्या आसपासच्या गळतीमागे आहोत. मला तर हे बरंच वाटतं. बारीक गळती शोधताना जास्त जीव जातो.

बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या, निगेटिव्ह काढून रात्रभर ठेवा आणि सकाळी व्होल्ट बघा. १२.६ च्या आसपास हवेत. काहीही जोडलेलं नसताना १२.२ वर आली असेल तर बॅटरीच गेली. सेल्फसाठी बनवलेल्या बॅटरीला वारंवार तळ गाठणं सोसत नाही, त्यामुळे नवी असली तरी तिच्यावर शंका घ्यायची.

ती ठीक निघाली तर मल्टिमीटर काढा. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात, चकती डीसी अँपिअरवर. निगेटिव्ह केबल काढून केबल आणि बॅटरीचा खांब यांच्या मध्ये मीटर जोडा. त्याआधी बॉनेट आणि फ्यूजपेटीजवळचं दार उघडं ठेवून त्यांची कुलपं स्क्रूड्रायव्हरने खट् करून मिटवा, म्हणजे गाडीला सगळं बंद आहे असं वाटेल. (काम झाल्यावर हँडल ओढून कुलूप मोकळं करा आणि मगच दार लावा. तसंच आपटलंत तर कुलूप वाकेल.) रिमोटची चावी असेल तर लांब ठेवा. सुरुवातीला आकडा दोन-चार अँपिअरही दिसेल, घाबरू नका. गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वीस मिनिटं ते पाऊण तास घेतात. तोवर आकड्याकडे बघूच नका.

मीटर जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो. एका व्हॅनवर मी आकडा स्थिर व्हायची वाट बघत चहाला गेलो. पोऱ्याने काच खाली घ्यायला चावी लावली आणि सवयीने सेल्फ मारला. मीटरचा आतला फ्यूज उडाला. परत आलो तर आकडा ०.००. मी मालकाला ‘गाडी एकदम स्वच्छ’ म्हणून रवाना केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन! तेव्हापासून मीटर जोडला की आधी गाडीतला दिवा लावून आकडा वाढतो का ते बघतो, आणि वाट बघणं त्यानंतर सुरू करतो. चांगल्या गाडीचाही आकडा सपाट शून्य नसतो.

आता फ्यूज एकेक काढा. ०.६ वरून ०.०४ वर आला की ओळ सापडली. काही गाड्यांत फ्यूज परत बसवताच कॉम्प्युटर जागा होतो आणि पुन्हा अर्धा तास जातो. तिथे फ्यूज न काढता त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मिलिव्होल्ट मोजा. शून्य असेल तर त्या फ्यूजमधून काही जात नाही.

खरं तर तुमच्या बाबतीत मी फ्यूजपेटीच्याही आधी मागचं सामान बघेन. कंपनीच्या वायरिंगपेक्षा नंतर जोडलेलंच जास्त वेळा सापडतं. इन्व्हर्टर बहुधा थेट बॅटरीवर घेतलेला असेल, म्हणजे पेटीतले सगळे फ्यूज काढले तरी तो चालूच. काहीही न लावता चालू ठेवलेला इन्व्हर्टर अर्धा अँपिअर सहज खातो. त्याची वायर सोडा आणि आकडा बघा. एलईडी पट्टीसाठी फोन व्हिडिओवर लावून मागे ठेवा, दार बंद करा, मिनिटभराने काढून बघा. खणांच्या मागे पट्टी जळत असते आणि बाहेरून काही कळत नाही.

इन्व्हर्टरच निघाला तर त्याच्या वायरवर, बॅटरीजवळ, त्याच्या पूर्ण अँपिअरला पुरेल असा कट-ऑफ स्विच बसवा. त्या वायरवरचा फ्यूज मात्र काढू नका, तो बॅटरीजवळच हवा.

यातून काहीच हललं नाही तर अल्टरनेटर. चार्जिंग ठीक आहे म्हणून तो सुटत नाही. आतला एखादा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा गळत असला तरी चार्जिंग ठीक दिसू शकतं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी त्याला हात लावा. इंजिन गार आणि तो कोमट असेल तर चोर तोच. खात्रीसाठी बॅटरीची निगेटिव्ह काढून अल्टरनेटरची जाड वायर सोडा, तिच्या टोकाला टेप गुंडाळा, आणि मग पुन्हा मोजा.

प्रश्न : चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढायची, इंजिन चालू राहिलं तर अल्टरनेटर चांगला, असं आमचा मेकॅनिक म्हणतो. बरोबर आहे का?

उत्तर : जुन्या गाड्यांत ही युक्ती खपून जायची. आताच्या गाडीत बॅटरी सुटताच व्होल्टेज एकदम उसळतं आणि इंजिनचा कॉम्प्युटर जळू शकतो. मीटरची लाल वायर व्होल्टच्या भोकात आणि चकती डीसी व्होल्टवर घेऊन चालू इंजिनवर बॅटरीच्या दोन खांबांवर धरा. साध्या अल्टरनेटरला १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले की झालं, केबलला हात लावायची गरज नाही.