पाण्यातल्या कासवाचं पिल्लू खात नाहीये? आधी पाणी तपासा

घाबरून त्याच्या तोंडात काही कोंबू नका. आधी पाण्यात थर्मामीटर बुडवा. कासवाचं अंग पाण्याइतकंच गार होतं, आणि गारठलेल्या पोटात अन्न पचत नाही. मग भूक कुठून लागणार? पाणी हळूहळू 26 ते 28 अंश सेल्सिअसवर आणा. अशक्त पिल्लू बुडूही शकतं, म्हणून पाणी पाठ जेमतेम झाकेल इतकंच ठेवा. चढायला कोरडा दगड, वर उष्णतेचा आणि यूव्हीबी (उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार) देणारा दिवा. बंद खिडकीतलं ऊन पुरत नाही, काच यूव्हीबी अडवते. माझीही सुरुवातीला हीच चूक झाली होती.

डोळे सुजून मिटलेत, नाकाशी बुडबुडे येतात, पोहताना एका कुशीवर कलतं? कलणं बहुतेकदा न्यूमोनियाचं असतं. आजच सरपटणाऱ्या प्राण्यांचा जाणकार पशुवैद्य गाठा.