शब्द शेपटीकडून वाचा

प्रश्न : आईच्या डिस्चार्ज कार्डावर 'लॅप्रोस्कोपिक कोलेसिस्टेक्टमी फॉर कोलेलिथायसिस' असं लिहिलंय. पित्ताशय काढलं, एवढं डॉक्टरांनी सांगितलं. पण असे शब्द आपले आपण सोडवायचे तर सुरुवात कुठून करायची? (एक वाचक, कराड)

उत्तर : शेवटून. शाळेत संधी सोडवायचो तसंच हे काम आहे, फक्त उलट्या दिशेने. आधी शेपूट, मग डोकं, शेवटी धड. काय झालं किंवा काय केलं हे शेपूट सांगते, कुठे ते धड सांगतं आणि किती, कुठल्या बाजूला हे डोकं.

'कोलेसिस्टेक्टमी'ची शेपूट 'एक्टमी', म्हणजे काढून टाकणे. 'कोले' म्हणजे पित्त, 'सिस्ट' म्हणजे पिशवी. पित्ताची पिशवी काढली. दुसऱ्या शब्दात 'कोले' तेच, 'लिथ' म्हणजे खडा, 'आयसिस' म्हणजे ती अवस्था. 'लॅप्रो' पोट आणि 'स्कोप' पाहणे, म्हणून ऑपरेशन दुर्बिणीचं. सगळी ओळ जोडली की अर्थ लागतो : पित्ताचे खडे होते म्हणून दुर्बिणीने पित्ताशय काढलं.

इथे एक तुकडा मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. कार्डावर 'कोलेडोकोलिथायसिस' असेल तर मधला 'डोको' नलिकेचा आहे. खडा पिशवीत नाही, पित्तनलिकेत. नुसती पिशवी काढून तो जात नाही, तो वेगळा काढावा लागतो, बहुधा ईआरसीपीने (तोंडावाटे दुर्बीण घालून). सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि कार्ड शेजारी ठेवून हा शब्द जुळतो का ते पाहा.

डोकं असलेला शब्द हवा तर 'पेरिकार्डायटिस' घ्या. 'आयटिस' दाह, 'पेरि' भोवती, 'कार्ड' हृदय : हृदयाभोवतीच्या आवरणाचा दाह. आपले परिभाषाकारही याच वाटेने गेले, 'हेपॅटायटिस'चं 'यकृतदाह' तुकड्याला तुकडा लावून केलेलं आहे.

आणि मध्ये डोकावणारा 'ओ'? त्याला अर्थ नाही, तो नुसता सांधा. शेपूट व्यंजनाने सुरू झाली की तो येतो (गॅस्ट्रोस्कोपी), स्वराने झाली की गळतो (गॅस्ट्रायटिस). दोन धडं जोडताना मात्र पुढे स्वर असला तरी बहुधा टिकतो : गॅस्ट्रोएंटरायटिस.

प्रश्न : वडिलांचं आतड्याचं ऑपरेशन झालं. एका कागदावर 'कोलेक्टमी' आहे, दुसऱ्यावर 'कोलॉस्टमी'. लिहिण्यात चूक झाली असेल का?

उत्तर : दोन्ही बरोबर असू शकतं. इथलं धड 'कोल' म्हणजे मोठं आतडं, पित्ताचं 'कोले' नव्हे. 'एक्टमी' म्हणजे त्या आतड्याचा भाग किंवा ते सगळं काढलं. 'ऑस्टमी' म्हणजे तोंड उघडलं : आतड्याचं टोक पोटावर आणून त्याला पिशवी लावतात. एकाच ऑपरेशनात दोन्ही होतं, तेव्हा एकाने एक लिहिलं, दुसऱ्याने दुसरं. तिसरी शेपूट 'ऑटमी', म्हणजे नुसतं चिरून उघडणं. ही तीन भावंडं कानाला सारखीच वाटतात, म्हणून विम्याच्या फॉर्मवर शब्द ऐकून लिहू नका. कार्डावरचं स्पेलिंग अक्षर न अक्षर उतरवा. 'युरेटर' (मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी नळी) आणि 'युरेथ्रा' (मूत्राशयातून बाहेर येणारी) यांचंही तेच.

प्रश्न : माझा टीएसएच १२ आलाय, म्हणजे वाढलेला. तरी डॉक्टर 'हायपो' म्हणतात. 'हायपो' म्हणजे कमी ना?

उत्तर : कमीच. पण कमी आहे ते थायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) थायरॉइड ग्रंथी तयार करत नाही, मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका (पिट्युटरी) करते. ग्रंथी ढिली पडली की पीयूषिका तिला जास्त ढोसते, म्हणून टीएसएच चढतो. नाव ग्रंथीवरून, आकडा ढोसणाऱ्याचा, त्यामुळे दोघं उलट दिशेला दिसतात. 'हायपर'मध्ये टीएसएच बहुधा अगदी खाली जातो.

फोनवर मात्र 'हायपो-हायपर' म्हणूच नये, कमी-जास्त म्हणावं. हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली. तिथे शुद्धीवरच्या माणसाला लगेच साखर द्यायची असते, 'हायपर'मध्ये नाही. 'हायपोनेट्रीमिया'तलं 'नेट्री' म्हणजे सोडियम, 'हायपोकेलेमिया'तलं 'केल' म्हणजे पोटॅशियम. 'ईमिया' रक्ताचा.

प्रश्न : शेवटी 'ओमा' आलं की कॅन्सर समजायचा का?

उत्तर : नाही. 'ओमा' म्हणजे गाठ किंवा सूज, बस्स. लायपोमा ही चरबीची साधी गाठ, हिमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त, आणि ग्लॉकोमात (काचबिंदूत) तर गाठच नसते. उलट मेलॅनोमा, लिम्फोमा हे कॅन्सरच. शेपटीवरून निवाडा होत नाही, गाठ असेल तर बायॉप्सीचा रिपोर्ट वाचावा लागतो.

प्रश्न : किडनीला कुठे 'रीनल', कुठे 'नेफ्रो' का?

उत्तर : पहिला लॅटिन, दुसरा ग्रीक. 'रीनल कॅल्क्युलस' आणि 'नेफ्रोलिथायसिस' म्हणजे तोच मुतखडा, दोन आजार नव्हेत. उलटही घडतं : 'पीडियाट्रिक'मधला 'पीड' ग्रीक, मूल. 'पेडल इडीमा'मधला 'पेड' लॅटिन, पाय. आजीच्या कार्डावर तो दिसला तर पायांवर सूज आहे, एवढंच.