रक्तवाहिन्या वाढूनही सांधा प्राणवायूला मुकतो

प्रश्न : माझ्या आईला चार वर्षांपासून रूमेटॉइड संधिवात आहे आणि मेथोट्रेक्सेट हे औषध चालू आहे. मनगटांची सूज पुन्हा वाढल्यामुळे नुकतीच सोनोग्राफी केली. अहवालात ‘पॉवर डॉपलर ग्रेड २’ असा शेरा असून, सांध्याच्या अस्तरात नव्या रक्तवाहिन्या वाढल्याचे डॉक्टरांनी सांगितले. रक्तपुरवठा वाढणे हे सुधारणेचे लक्षण, अशी आमची समजूत होती. ती चुकीची आहे का? आणि या रक्तवाहिन्यांची वाढच रोखणारे औषध आईला देता येणार नाही का?

उत्तर : आपली समजूत एरवी बरोबर ठरली असती. जखम भरताना किंवा मोडलेले हाड जुळताना नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि काम संपले की त्यांपैकी बऱ्याच विरून जातात. रूमेटॉइड संधिवातात मात्र ते काम संपतच नाही, कारण ज्या दाहामुळे त्या फुटल्या तो दाह शमलेला नसतो.

निरोगी सांध्याचे अस्तर फार तलम असते. त्याच्या आतल्या बाजूस पेशींचे जेमतेम एक ते तीन थर असतात. शरीराची प्रतिकारयंत्रणा या अस्तरावरच उलटली, की ते जाड होत जाते आणि थरांची संख्या दहाच्याही पुढे जाऊ शकते. या वाढलेल्या पेशींना पुरेल इतका प्राणवायू जुन्या रक्तवाहिन्यांतून मिळत नाही. सांध्यातील द्रवामध्ये प्राणवायूचा दाब किती असतो, याची मोजमापे १९७० मध्ये प्रसिद्ध झाली होती. दुखापतीने सुजलेल्या गुडघ्यात तो सरासरी ६३ मिलिमीटर पारा भरला, तर रूमेटॉइड संधिवाताच्या गुडघ्यात अवघा २७ च्या आसपास. प्राणवायूची अशी चणचण जाणवताच पेशी ‘व्हीईजीएफ’ नावाचे प्रथिन अधिक प्रमाणात सोडू लागतात आणि ‘टीएनएफ’सारखी दाहकारक द्रव्ये त्यात भर घालतात. या प्रथिनाची पहिली ओळख, १९८३ मध्ये, रक्तवाहिन्यांना झिरपायला लावणारे द्रव्य अशी झाली होती; ते रक्तवाहिन्या वाढवतेही, हे १९८९ मध्ये स्पष्ट झाले. आईच्या मनगटात सूज आणि नव्या रक्तवाहिन्या एकत्र का दिसतात, याचे बरेचसे उत्तर या दुहेरी गुणात आहे.

आता आपल्या मूळ शंकेकडे येतो. एवढ्या रक्तवाहिन्या फुटूनही प्राणवायूची तूट भरून निघत नाही. घाईने तयार झालेल्या या वाहिन्यांच्या भिंती कच्च्या असतात, त्यांतील अनेकींना बाहेरून आधार देणाऱ्या पेशी नसतात आणि सुजलेला सांधा हलवला की आतल्या द्रवाचा दाब वाढून त्या चेपल्याही जातात. मग तूट कायम, म्हणून प्रथिन कायम, म्हणून आणखी रक्तवाहिन्या, असे चक्र चालू राहते. त्यातच या वाहिन्यांच्या आतील पृष्ठभागावर चिकट रेणू उगवलेले असतात. रक्तातून वाहणाऱ्या पांढऱ्या पेशी तेथे अडकतात आणि भिंत ओलांडून अस्तरात शिरतात. थोडक्यात, या वाहिन्यांनी सांध्याचे पोषण होण्याऐवजी दाहालाच रसद पोहोचते. अशा रीतीने पोसलेले जाड अस्तर, ज्याला ‘पॅनस’ म्हणतात, ते कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणावर, पसरत जाऊन तिला आणि शेजारच्या हाडाला पोखरते. विशेष म्हणजे कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात.

‘व्हीईजीएफ’ला रोखणारी औषधे आहेत. बेव्हासिझुमॅब हे त्यांपैकी एक २००४ पासून मोठ्या आतड्याच्या कर्करोगात वापरले जाते. परंतु त्याने रक्तदाब वाढू शकतो, रक्तस्राव होऊ शकतो आणि जखमा भरण्यास विलंब लागतो. वर्षानुवर्षे सांभाळाव्या लागणाऱ्या आजारात हा धोका पत्करणे मला समर्थनीय वाटत नाही, आणि संधिवाताच्या नेहमीच्या उपचारांत या औषधांना स्थानही नाही. त्यांची गरजही सहसा पडू नये, कारण दाह आवरला की या प्रथिनाचे प्रमाण उतरते. ‘टीएनएफ’ला अडवणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅब या औषधाबाबत हे १९९८ मध्येच दिसून आले होते. तेव्हा मेथोट्रेक्सेटची मात्रा पुरेशी आहे का, की जोडीला दुसरे औषध हवे, हा प्रश्न आईच्या संधिवाततज्ज्ञांना जरूर विचारा. तोपर्यंत चालू औषध स्वतःहून बंद किंवा कमी करू नये.

अहवालाविषयी एक खुलासा. पॉवर डॉपलरची प्रतवारी ० ते ३ अशी असते आणि ती अस्तरातील रक्तप्रवाहाची नोंद घेते. रक्तवाहिन्या मोजत नाही. ग्रेड २ म्हणजे दाह सक्रिय आहे, असे समजावे. मात्र दर भेटीला सोनोग्राफीचा आग्रह धरू नका. नॉर्वेत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, सोनोग्राफी पाहून औषधे ठरवलेल्या रुग्णांना केवळ नीट तपासून उपचार केलेल्या रुग्णांपेक्षा अधिक लाभ झाल्याचे आढळले नाही.

प्रश्न : शेक घेतल्याने या रक्तवाहिन्या आणखी वाढतील का?

उत्तर : नाही. शेकाने असलेल्या वाहिन्या काही काळ रुंदावतात. नव्या फुटण्यासाठी वर सांगितलेली रासायनिक प्रक्रिया लागते. सकाळचा ताठरपणा कोमट शेकाने सैल होतो. सांधा गरम आणि टचटचीत सुजलेला असताना मात्र अनेकांना थंड शेकानेच अधिक आराम पडतो.